गाठीच्या चोळीला नंबर नव्हता

माझ्या नानगुरूने, म्हणजे गुरूच्या गुरूने, उभ्या जन्मात ब्रेसियर घातली नाही. अंगावर नऊवारी इरकल, वर खणाची गाठीची चोळी, आत काहीच नाही. सात रस्त्यावरून ती निघाली की सिटी बसच्या डेपोपाशी उभे असलेले कंडक्टर 'अम्मा' म्हणून हाक मारायचे आणि ती कुणाला कन्नडमध्ये, कुणाला तेलुगूत, कुणाला दखनीत उत्तर द्यायची. माझी गुरू तिच्या मागून चालायची, नायलॉनच्या पाचवारीत, आणि थोड्या थोड्या वेळाने हात मागे नेऊन पाठीवरचा हूक सारखा करायची. एकीच्या अंगाला कधी काच पडला नाही, दुसरीच्या खांद्यावर पट्ट्यांचे वळ कायमचे उमटले. मधल्या पन्नासेक वर्षांत आमच्या, म्हणजे हिजड्यांच्या, आतल्या कपड्यांचं काय झालं, ते मला सांगायचं आहे. मी शिवणकाम करते. माणूस कुठला, कोण, हे कळायच्या आधी मला त्याची शिवण दिसते.

सोलापूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चादर येते. चादरीला 2005 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आज गावातली कितीतरी घरं शाळेच्या युनिफॉर्मवर जगतात. मीही त्यांतलीच. सात रस्त्यामागच्या खोलीत माझं एक साधं मशीन आणि एक ओव्हरलॉक आहे. हाफ पँट, पिनाफोर आणि शाळांच्या चार हाउसचे लाल, पिवळे, हिरवे, निळे टी-शर्ट शिवून देते. या टी-शर्टांच्या चिंध्यांबद्दल पुढे सांगते, कारण माझा खरा धंदा त्यांतूनच उभा राहिला.

आधी चोळी. 1884 सालचं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर चाळलं तर पद्मसाळी, साळी, कोष्टी असे विणकर आणि त्यांच्या मागांवर निघणारी लुगडी, चोळखण भेटतात. खण तिकडून गुळेदगुड्डहूनही यायचा. खणाचा पन्हा अरुंद. शिंपी तो तिरपा कापायचा, म्हणजे कापड अंगाबरोबर थोडं ताणतं. पुढे बटण नाही, हूक नाही; दोन्ही टोकं छातीखाली ओढायची आणि गाठ मारायची. बाळंतपणात गाठ सैल, उपासाच्या महिन्यात घट्ट. एकच चोळी बाईला पंचविशीत बसायची आणि चाळिशीतही. रुंद छातीचं गिऱ्हाईक आलं तर शिंपी काखेत एक जास्तीचा तुकडा जोडायचा आणि विषय संपायचा. यल्लमाला सोडलेले जोगते याच चोळीत सौंदत्तीला जायचे, डोक्यावर देवीचा जग घेऊन. पुरुषाच्या फासळ्यांवर बाईची चोळी बसवायला शिंप्याला वेगळं काही शिकावं लागत नव्हतं. राजन गवसांच्या कादंबऱ्या आणि त्यांवरून 2009 साली निघालेला 'जोगवा' पाहून शहरातल्या लोकांना जोगता कळला, पण त्यात रडणं जास्त आहे. चोळीच्या गाठीकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझं जातं.

गाठीखाली काय असायचं, हे नानगुरूने मला एकदा उलगडून दाखवलं होतं. मांजरपाटाच्या दोन पिशव्या, मुठीएवढ्या, आत शाळू ज्वारी. कापूस भरला तर उभार दिसतो, पण चालताना जागचा हलत नाही, आणि बघणाऱ्याला लगेच कळतं. ज्वारीला वजन असतं. ती चालीबरोबर हलते, वाकलं की खाली येते, अंगाच्या उबेने गरम होते. पिशवीचं तोंड ती टाक्यांनी बंद करायची आणि आठवड्याला उसवून ज्वारी उन्हात टाकायची. पावसाळ्यात भिजली की मोड यायचे. "माझ्या छातीला मोड आले वो," असं म्हणून ती स्वतःच हसायची. सध्या सिलिकॉनचे कप मिळतात. महाग असतात, सोलापूरच्या उन्हात तापतात, त्यांच्याखाली घाम साचतो. अजूनही एखादी म्हातारी माझ्याकडे मांजरपाटाच्या पिशव्याच शिवून मागते. मी मुकाट्याने शिवून देते.

कंबरेखालची गोष्ट नऊवारीने सोडवली होती. कासोटा दोन्ही पायांमधून मागे जातो आणि कमरेला घट्ट खोचला जातो. बाईला त्याने शेतात वाकता येतं, घोड्यावर बसता येतं. आमच्यातल्या आक्वा बाईचं, म्हणजे जिचं निर्वाण, लिंग काढायची शस्त्रक्रिया, झालेलं नाही तिचं, जे झाकायचं ते झाकलं जातं. वेगळी चड्डी लागत नाही, लंगोट लागत नाही. लुगड्याचं नऊ वार कापड हाच आमचा आतला कपडा होता. पुढे मिलच्या चाळींत, शाळा-कॉलेजात, पाचवारी गोल साडी आली. तिच्याबरोबर परकर आला, परकराबरोबर नाडी. गोल साडीत पायांमध्ये काहीच नसतं. आधारासाठी आत काही घालणं तेव्हापासून आम्हाला भाग पडलं.

नऊवारीचे गोडवे मी मर्यादेतच गाते. टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत खानोलकर यांनी 1945 साली धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरवर लिहिलं. वर्षानुवर्षं कमरेवर एकाच जागी घट्ट आवळलेलं कापड, खाली घाम, तिथं जखम, आणि पुढे जखमेचा रोग. 2024 साली वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची नोंद छापली; एकीला परकराच्या नाडीच्या जागी झालं होतं, आणि दुसरी आयुष्यभर आत परकर न घालता लुगडं नेसणारी होती. म्हणजे लुगड्यानेही काच पडतोच. नाडीखाली काळा पट्टा दिसायला लागला, खाज सुटली, खपली धरेना, तर नाडीची जागा बदला, रुंद पट्ट्याचा परकर घ्या आणि डॉक्टरला दाखवा. हे मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, बाई असो की आमच्यातली.

आता कायद्याकडे वळते, कारण आमच्या कपड्यांवर कायदा होता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग आमच्यासाठीच लिहिलेला. इंग्रजांनी ज्याची 'युनक' म्हणून नोंद केली, तो बाईच्या कपड्यांत किंवा दागिन्यांत रस्त्यावर दिसला तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. हा भाग मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत चालला आणि 1911 ला कायद्यातून गळाला. सोलापूरला त्या कायद्याची दुसरी बाजू माहीत आहे. गावात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आजही आहे. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी ती वसवलेली. 1952 ला त्या जमाती विमुक्त झाल्या.

पण खरी गंमत उत्तरेला, हाकेच्या अंतरावर होती. इथून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. ते निजामाच्या राज्यात. निजामाने 1919 साली, म्हणजे 1329 फसलीत, जवळपास तोच मजकूर उचलून आपला कायदा केला: नोंदलेला हिजडा बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला की विनावॉरंट अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे सोलापुरात लुगडं नेसून फिरणाऱ्या माणसाला आई भवानीच्या दर्शनाला जाताना कागदोपत्री एक सरहद्द ओलांडावी लागत होती, जिच्यापलीकडे त्याचं लुगडं गुन्हा ठरू शकत होतं. त्याच देवळाच्या वाटेवर आराधी पुरुष कवड्यांची माळ घालून, पोत घेऊन, कधी बायकांच्या वेशात नाचत जात होते. राज्य गेलं, मराठवाडा इकडे आला, पण हा कायदा हैदराबादकडच्या कागदांत तसाच राहिला. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला 2023 च्या जुलैत. नानगुरूच्या तोंडून मी त्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं. मला तो या निकालाच्या बातमीतून कळला.

ही कलमं पुन्हा पुन्हा वाचताना मला एक गोष्ट दिसते. कायदा रस्त्यावरून दिसणाऱ्या कपड्याचा होता. आत काय आहे, ते शिपायाला दिसत नव्हतं. आमच्यात साडीला सातला म्हणतात. जी सातला नेसून राहते ती वेगळी आणि जी पँट-शर्टात राहते ती वेगळी. पँट-शर्टातलीने बाईपण कुठं ठेवायचं? शर्टाच्या आत. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या अंगावर आलेला पहिला बायकी कपडा हा आतला कपडा असतो. साडी पुढे, कित्येक वर्षांनी. माझंही तसंच. मिलचा भोंगा वाजला की वडील कामाला जायचे, आई विड्या वळायला बसायची, आणि दोरीवर वाळणाऱ्या तिच्या बॉडीला हात लावायला मी घाबरायचे. ती बॉडी शिंप्याकडून शिवलेली, पांढऱ्या कापडाची, पुढे बटणं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी तिच्यासारखी एक शिवली, आईच्याच मशीनवर, आणि शर्टाखाली घालून रंगभवनापर्यंत चालत गेले. कुणाला काही कळलं नाही. तेव्हापासून आजपर्यंत मी आतल्या कपड्याला दुय्यम मानलेलं नाही.

बॉडीनंतर तयार ब्रेसियर आली, आणि तिच्यासोबत नंबर आला. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकबने दोन रेशमी रुमाल आणि गुलाबी रिबन जोडून केलेल्या कपड्याला 3 नोव्हेंबर 1914 ला पेटंट मिळालं. तो कपडा मऊ होता, पुढे बांधायचा, जवळजवळ आपल्या चोळीचाच विचार. 1930 च्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी कपला ए, बी, सी, डी अशी अक्षरं लावली आणि अंगाचं माप कारखान्याच्या खोक्यात बसायला लागलं. कारखान्याचं गणित ठराविक अंगावर चालतं: फासळ्या बारीक, उभार मोठा. गावच्या दुकानात खोकी उघडली की चौतीस बी, छत्तीस बी, फार तर अडतीस सी. आमच्या फासळ्या रुंद. टेप लावा: छातीखाली सदतीस-अडतीस इंच, उभारावर एकोणचाळीस. आम्हाला लागतो अडतीस किंवा चाळीस, आणि कप ए. हा नंबर दुकानदाराने आयुष्यात मागवलेला नसतो, कारण तो मागणारी बाई त्याच्या दुकानात फारशी येत नाही आणि आम्ही मागत नाही.

मागणार कसं? माझी गुरू नवी पेठेतल्या एका दुकानात जायची. काउंटरवरचा माणूस विचारायचा, "कुणासाठी?" ती म्हणायची, "बहिणीसाठी." "नंबर?" "चौतीस." दुसरा नंबर तिला माहीतच नव्हता. शेजारच्या बाईने सांगितलेला तो पाठ केलेला. चौतीस नंबर अडतीसच्या फासळ्यांवर चढवायचा म्हणजे पट्टा बरगडीत रुततो, श्वास वर वर चालतो, पाठीवर हुकाची दोन भोकं उमटतात. तीस वर्षं तिने ती घातली. कापड नायलॉनचं, लेस लावलेली, कारण तिला लेस आवडायची. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसच्या वर गेला की छातीखाली घामोळ्यांचा लाल पट्टा उठायचा. ती त्यावर पावडर फासून बधाईला, म्हणजे लग्न-बारशाच्या घरी आशीर्वाद द्यायला, निघायची. मी शिवणकामात पडल्यावर तिच्यासाठी पहिली गोष्ट केली ती अडतीसची हुकाची जोडपट्टी. दीड इंच रुंद, तीन हुकांची, तिच्या जुन्या ब्रेसियरच्या मागे लावायची. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "काय बे, आधी नाही का सुचलं?"

खालच्या कपड्याची कहाणी याहून वाईट. परकर आल्यावर आधार म्हणून कुणी पैलवानी लंगोट वापरला, कुणी दोन चड्ड्या एकावर एक, कुणी चिकटपट्टी. चिकटपट्टीवर माझा राग आहे. काढताना कातडी निघते, घामात ती सुटते आणि पुन्हा लावली जाते, आणि त्या जागेच्या जखमेबद्दल कुणी डॉक्टरकडे जात नाही. दुसरा त्रास कुणाला दिसत नाही: एकदा सगळं मागे बसवलं की लघवीला जाणं म्हणजे सगळं सोडून पुन्हा बांधणं. त्यात बाहेर कुठल्या संडासात जायचं हा प्रश्न वेगळाच. मग पोरी पाणीच पीत नाहीत. लग्नसराईत सकाळी निघालेली संध्याकाळी परत येते, दिवसभरात एक ग्लासही नाही, आणि मग जळजळ, ताप, औषधं. डॉक्टरांचं म्हणणं आणि माझं म्हणणं इथं एकच आहे: चार-पाच तासांच्या वर घट्ट कपडा नको, दुखलं की लगेच काढायचा, रात्री सगळं मोकळं, आणि पाणी प्यायचंच.

कपडा सुधारला तो ताणामुळे. 1958 साली अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स नावाच्या रसायनतज्ज्ञाने ताणून पुन्हा मूळ आकारात येणारा धागा तयार केला; लायक्रा हे त्याचं बाजारातलं नाव. हा धागा थोडा जरी सुतात मिसळला तरी होजिअरी अंगावर बसते आणि काचत नाही. आपल्याकडे तिरुपूरची होजिअरी गावोगाव पोचली. शाळांच्या पीटीच्या टी-शर्टांतही ती आली आणि माझ्या टेबलाखाली तिच्या चिंध्यांचा ढीग साचायला लागला. गिरणीवाले त्या किलोवर विकतात. मी ठेवून घेतल्या.

माझी चड्डी अशी आहे. पुढचा भाग दुपदरी, दोन पदरांमध्ये पॉवरनेटचा, म्हणजे ताणणाऱ्या जाळीदार कापडाचा, तुकडा; तो दाबतो पण आवळत नाही. बाजारातल्या बायकी चड्डीची मियानी, म्हणजे दोन पायांमधला तुकडा, दोन-अडीच इंच रुंद असते, आमच्यासाठी ती अपुरी. मी चार इंच ठेवते आणि मागे नेताना हळूहळू निमुळती करते. आतला पदर शुद्ध सुती, शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे मांडीला काही घासत नाही. कमरेला इलास्टिक उघडं लावत नाही, कापडाच्या नळीत घालते. मांडीच्या कडेला इलास्टिक नाहीच, नुसता होजिअरीचा दुमडलेला पट्टा. लाल हाउसचा पुढचा भाग, निळ्या हाउसची मागची बाजू, हिरवी मियानी. पहिल्यांदा बघणारी हसते. एकदा घातली की रंगाची तक्रार करत नाही. निर्वाण झालेल्यांसाठी पॉवरनेट काढून टाकते, नुसती मऊ सुती ठेवते, आणि टाके भरेपर्यंत इलास्टिकही सैल.

ब्रेसियर मी तारेशिवाय शिवते. ज्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हॉर्मोन घेतात त्यांची छाती पहिल्या महिन्यांत इतकी दुखरी होते की चादरीचा धक्काही लागतो. त्यांना कप नको, होजिअरीची बिनहुकाची पट्टी हवी. बाकीच्यांना खालचा पट्टा रुंद लागतो, कारण वजन खांद्यावर नको, फासळ्यांवर हवं. पुढून गाठ मारायची एक तऱ्हाही मी करून बघितली. माप चुकायचा प्रश्नच राहत नाही. पण तरुण मुली ती घालत नाहीत. टी-शर्टातून गाठ दिसते, म्हणतात. बरोबर आहे त्यांचं.

2011 साली झिवामे हे ऑनलाइन दुकान सुरू झालं आणि आतले कपडे दुकानदाराचं तोंड न बघता घरी यायला लागले. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात आम्हाला आमचं लिंग स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला. 2017 साली याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. या तिन्हींतल्या कुठल्या गोष्टीने आमच्या पोरींच्या आयुष्यात जास्त फरक पडला, असं मला कुणी विचारलं तर मी पार्सलचं नाव घेईन, आणि पुढारी मंडळी रागावतील. निकालाने नाव बदलता आलं, ओळखपत्र मिळालं; ते मोठंच. पण "कुणासाठी?" हा प्रश्न पार्सलने बंद केला. खोट इतकीच की पार्सल टेप लावत नाही. पोरी फोटो बघून चौतीस मागवतात, गुरूसारख्याच, आणि परत पाठवतात. तेव्हा त्या माझ्या खोलीत येतात, आणि मी शर्ट काढायला न लावता, बनियनवरून, टेप श्वास सोडल्यावर एकदा आणि भरल्यावर एकदा लावून दोन्ही आकडे वहीत लिहिते. दोन्हींमधला आकडा घ्यायचा. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. नानगुरूच्या गाठीनेच शिकवलं, कारण ती गाठ नेहमी अर्धा श्वास सोडून मारायची.

माझा गर्दीचा हंगाम भाद्रपदापासून सुरू होतो. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला माणसं पायी निघतात, रूपाभवानीचं दर्शन घेऊन, रात्रभर चालत. आमच्यातल्याही निघतात. पंचेचाळीस किलोमीटर चालताना मांड्या घासून सोलवटतात. साडीखाली गुडघ्याच्या वरपर्यंतची होजिअरीची चड्डी घातली तर नाही सोलवटत. तिला मियानी आणखी अर्धा इंच मोठी ठेवावी लागते आणि पायाच्या कडेला तिरपी पट्टी. नवी कोरी घालून चालायला निघू नका, आधी दोनदा धुऊन, घरात घालून बघा. ऑर्डर पितृपक्षाच्या आत द्या. नवरात्र बसलं की मी शाळांच्या कामात अडकते. माप मात्र स्वतः येऊन द्यावं लागेल. फोनवर सांगितलेला नंबर मी घेत नाही.